ग्रॅनाइटचं फिनिश: निवडताना, बसवताना आणि साफ करताना या चुका टाळा

ग्रॅनाइट घेताना सगळा वेळ रंग निवडण्यात जातो आणि फिनिशचा, म्हणजे दगडाचा वरचा पृष्ठभाग कसा तयार करायचा याचा, निर्णय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. पण फिनिशमुळे दगडाची जाडी, रंगाची छटा आणि पाणी-तेल शोषून घेण्याचं प्रमाण, तिन्ही बदलतं. पाय घसरणार की नाही, हेही त्यावरच ठरतं. बसवल्यानंतर येणाऱ्या तक्रारींत दगडच वाईट निघाला, असं क्वचित असतं. बहुतेक वेळा चांगला दगड चुकीच्या फिनिशमध्ये चुकीच्या जागी बसवलेला असतो.

ओल्या जागी मिरर पॉलिश

पॉलिश केलेला ग्रॅनाइट कोरडा असताना फारसा घसरत नाही, त्यामुळे दुकानात त्यावर चालून पाहिलं तरी काही कळत नाही. पाण्याचा पातळ थर आला की पकड सुटते. ओल्या पृष्ठभागावरच्या पेंड्युलम चाचणीत (झुलता रबरी तुकडा पृष्ठभागावर घासून पकड मोजतात) ३६ किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर घसरण्याचा धोका कमी मानतात. मिरर पॉलिश ओलं असताना या आकड्याच्या बरंच खाली राहतं. बाहेरच्या पायऱ्या, रॅम्प, पोर्च, शॉवरची जागा इथे ते नकोच. भिंत, खांब, दाराची चौकट, खिडकीची पट्टी, ओटा आणि पायरीचा उभा भाग इथे मात्र पॉलिशसारखं सोयीचं दुसरं काही नाही, कारण घट्ट घासलेल्या पृष्ठभागात मळ अडकायला जागाच उरत नाही.

पॉलिश पायऱ्या आधीच बसवल्या असतील, तर पुढच्या कडेपासून सुमारे ३० मि.मी. आत दोन-तीन खाचा मारून घ्या. खाच ५-६ मि.मी. रुंद आणि २-३ मि.मी. खोल पुरे. १८ मि.मी.च्या लादीत याहून खोल गेलात, तर पुढची कड कमकुवत होते आणि जड वस्तू आपटली की नेमकी त्याच रेषेवर तुटते.

फ्लेम कोणत्याही दगडाला होतं, हा समज

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. फ्लेम फिनिशमध्ये टॉर्चच्या ज्योतीने पृष्ठभाग झपाट्याने तापवतात. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झ या खनिजाची स्फटिकरचना ५७३ अंश सेल्सिअसला बदलते आणि तो एकदम फुगतो. आतला दगड थंडच असल्यामुळे वरचे कण तडतडून उडतात आणि खडबडीत पृष्ठभाग तयार होतो. म्हणजे हे सगळं काम क्वार्ट्झचं आहे. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकले जाणारे बरेच दगड प्रत्यक्षात गॅब्रो किंवा डोलेराइट असतात आणि त्यांत क्वार्ट्झ नसतो किंवा अगदी थोडा असतो. त्यांना ज्योत लावली, तर कण नीट उडत नाहीत. कुठे राखाडी चट्टे पडतात, कुठे पृष्ठभाग वितळून काचेसारखा होतो. अशा दगडाला बुश हॅमर (दातेरी हातोड्याने ठोकून खडबडीत केलेला पृष्ठभाग), सँडब्लास्ट (वाळूचा जोरदार मारा) किंवा लेदर (त्याबद्दल पुढे) घ्या.

दुसरी गोष्ट जाडीची. फ्लेम करताना साधारण १ ते ३ मि.मी. दगड जातो आणि वरच्या थरात बारीक तडेही पडतात. म्हणून फ्लेमसाठी किमान २० मि.मी. जाडी घ्या. गाड्यांच्या वाटेवर किंवा मोठ्या मापाच्या लाद्यांना ३० मि.मी. घ्या. १५ मि.मी.ची लादी ज्योतीखाली वाकते किंवा सरळ फुटते.

तिसरी गोष्ट रंगाची. पिवळ्या ग्रॅनाइटचा पिवळेपणा लोहाच्या पाणीयुक्त ऑक्साइडमुळे असतो. उष्णतेने त्यातलं पाणी निघून जातं आणि दगड तांबूस होतो. पिवळाच रंग हवा असेल, तर फ्लेम करू नका. बुश हॅमरने दगड तांबूस होत नाही, पण कण चेचल्याने छटा फिकी, पांढुरकी होते.

स्लॅबला (दगडाच्या मोठ्या कापलेल्या लादीला) आधी रेझिन, म्हणजे बारीक भेगा भरणारा राळेसारखा पदार्थ, भरलेलं असेल, तर ज्योतीत ते जळून काळे डाग पडतात. त्यामुळे ऑर्डर देतानाच 'रेझिन नसलेला स्लॅब' असं लिहून घ्या. बसवून झालेल्या फरशीवर फ्लेम करायचा तर विचारही नको. खाली ओल असेल तर तिची वाफ होऊन लादी उडू शकते, आणि खालची पकड सुटते ती वेगळीच.

होन्ड आणि लेदर यांना सारखंच समजणं

दोन्हींना चकाकी कमी, इतकंच साम्य. होन्ड म्हणजे घासण्याची क्रिया बहुधा ४०० ते ८०० ग्रिटच्या (घासणाऱ्या कणांच्या बारीकपणाचा आकडा) आसपास थांबवलेला सपाट, मॅट पृष्ठभाग. घरातल्या फरशीला तो छान दिसतो, पण काळा होन्ड ओटा हा रोजचा त्रास आहे. बोटांचे ठसे आणि तेलाचा हात त्यावर लगेच उमटतात. लेदरमध्ये हिऱ्याच्या कणांचे ब्रश फिरवतात. मऊ खनिजं जास्त झिजतात, कठीण तशीच राहतात आणि हाताला मऊ उंचसखलपणा लागतो. रंगही गडद राहतो आणि ठसे लपतात. मात्र जाड दाण्याच्या, भरपूर अभ्रक असलेल्या फिक्या दगडाला लेदर केलं, तर खड्डे खोल पडतात आणि त्यात पीठ-तेल साचतं. बोट फिरवताना नख अडकत असेल, तर तो नमुना ओट्यासाठी घेऊ नका.

कडेचं फिनिश लोक विसरतात. वरून लेदर आणि कड पॉलिश असेल, तर एकाच दगडाचे दोन वेगळे रंग दिसतात. कडेचा आकार (मोल्डिंग) सांगतानाच कडेलाही ब्रश फिरवायला सांगा.

छोटा, कोरडा नमुना पाहून पसंती

तळहाताएवढ्या तुकड्यावरून काही ठरवू नका. किमान ३०० × ३०० मि.मी.चा, ठरलेल्या फिनिशचाच नमुना मागवा. तो कोरडा पाहा, मग ओला करून पाहा. थोडं पाणी १०-१५ मिनिटं ठेवून पुसा. खाली गडद डाग दिसला, तर दगड शोषतो आहे आणि त्याला आत मुरणारं सीलर (पाणी-तेल शोषणं रोखणारं द्रावण) लागेल. काळ्या दगडावर पांढऱ्या कापडाने अॅसिटोन चोळा. कापडाला काळा रंग लागला, तर दगड रंगवलेला आहे, तो परत करा.

खडबडीत फरशीवर नेहमीसारखं ग्राउट

फ्लेम किंवा बुश हॅमर केलेल्या फरशीवर ग्राउट (लाद्यांच्या सांध्यांत भरायचं सिमेंटचं मिश्रण) रबरी पट्टीने पसरलं, की सिमेंट प्रत्येक खड्ड्यात बसतं आणि पूर्ण फरशी राखाडी दिसते. मग कोणीतरी अॅसिड ओततं. अॅसिडने ग्राउट तर विरघळतंच, शिवाय दगडातल्या लोहयुक्त खनिजांवर परिणाम होऊन काही दिवसांनी पिवळे-तपकिरी गंजाचे डाग वर येतात. आधी सीलर लावून वाळू द्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि ग्राउट पिशवीच्या नळीने थेट सांध्यात भरा. टेप ग्राउट कडक होण्याआधी काढा. फिक्या दगडाखाली पांढरं अॅडेसिव्हच वापरा, नाहीतर करडी छटा वर दिसते.

सीलर पाठीमागच्या बाजूला लागू देऊ नका, अॅडेसिव्हची पकड कमी होते. आणि फ्लेम फरशीला 'चमक आणणारं' लॅकर कधीच मारू नका. ते खड्डे भरून टाकतं, फरशी पुन्हा घसरडी होते आणि काही महिन्यांत पापुद्रे निघतात. रंग गडद करायचाच असेल, तर आत मुरणारं एन्हान्सर घ्या, तेही आधी सुट्या तुकड्यावर लावून पाहा.

डाग पडल्यावर

तेलाचा डाग घासून जात नाही, तो ओढून काढावा लागतो. टाल्कम किंवा खडूची पूड अॅसिटोनमध्ये कालवून दाट लेप करा, डागावर ५-६ मि.मी. जाड थर द्या, प्लॅस्टिकने झाकून कडा चिकटवा आणि २४ तास ठेवा. मग प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या आणि खरवडा. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं. अॅसिटोन पटकन पेटतं, त्यामुळे गॅस बंद, खिडक्या उघड्या आणि हातमोजे घातलेले हवेत.

गंज काढणाऱ्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं. ते ग्रॅनाइटमधली क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही दोन्ही खनिजं खातं, माणसालाही फार घातक आहे. पॉलिशवर त्याचे थेंब पडले, तर पांढरट चट्टे उरतात. ते कोणत्याही लेपाने जात नाहीत, तेवढा भाग पुन्हा घासून पॉलिश करावा लागतो आणि जागेवर केलेलं पॉलिश कारखान्यातल्या चकाकीशी क्वचितच जुळतं. म्हणून बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय तसलं क्लीनर ग्रॅनाइटजवळ नेऊ नका. रोजच्या सफाईला न्यूट्रल पीएचचा (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) साबण आणि कोमट पाणी पुरतं.