गंजून बसलेला गेट व्हॉल्व्ह पाइप न मोडता कसा सोडवावा

कोकण-गोव्याकडच्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या घरात मीटरनंतरचा पितळी गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून आतला दरवाजा खाली-वर होतो तो) वर्षानुवर्षे कुणी फिरवलेला नसतो. चवथीच्या तोंडावर न्हाणीघरातला नळ गळू लागला की त्याची आठवण होते, आणि चाक तसूभर हलत नाही. हे काम सकाळी काढा. दुपारी हार्डवेअरची दुकाने बंद असतात, आणि काही तुटले तर सुटा भाग लगेच लागतो.

मीटरच्या अलीकडचा, रस्त्याकडचा व्हॉल्व्ह पाणीपुरवठा खात्याचा, त्याला हात लावू नका. तुमचा व्हॉल्व्ह मात्र नळाला पाणी नसलेल्या वेळेतच सोडवा. पाणी दिवसभर येत असेल तर खात्याला सांगून रस्त्याकडून बंद करून घ्या.

दोन पाइप पाने, एक लहान स्क्रू पाना, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल आणि ग्रॅफाइटची दोरी (स्पिंडलभोवती पाझर रोखणारी) जवळ ठेवा. आदल्या संध्याकाळीच स्पिंडल, म्हणजे चाकाखालचा दांडा, ब्रशने घासा, तेल सोडा, रात्रभर मुरू द्या.

अडलेल्या व्हॉल्व्हवर व्हिनेगर ओतायचा सल्ला मिळतो, तो इथे कामाचा नाही. व्हिनेगर चुन्याचा थर विरघळवते. आपल्याकडच्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ, किंचित आम्लधर्मी असते. इथे व्हॉल्व्ह अडतो तो गंजाने आणि लोहाच्या गाळाने.

आता खरी अवघड जागा. चाकाखाली स्पिंडलभोवती जी लहान नट दिसते ती ग्लँड नट. ती पाव फेरा सैल करा, त्याहून जास्त नको. आतली दोरी सुकून स्पिंडलला आवळून बसलेली असते, आणि पुष्कळदा सगळी अडचण एवढीच असते. तिच्या खालची मोठी नट म्हणजे व्हॉल्व्हचे टोपण. लोक घाईत तीच फिरवतात. पाइपात दाब असेल तर टोपण उडून पाण्याचा फवारा तोंडावर येतो.

मग एका पाइप पान्याने व्हॉल्व्हचे षटकोनी अंग घट्ट धरा, दुसऱ्या हाताने चाक फिरवा. अंग न धरता चाकावर जोर टाकाल तर तो सगळा पीळ भिंतीतल्या जीआय निपलवर (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाच्या आट्यांच्या लहान तुकड्यावर) जातो. पितळाला लागून असलेले लोखंड लवकर खाल्ले जाते, आणि आट्यांपाशी पाइप आधीच पातळ असतो. तो भिंतीच्या तोंडाशी तुटला की चिरा फोडावा लागतो. चाकात लोखंडी नळी घालून जोर वाढवणे तर पूर्ण बंद करा.

पहिला प्रयत्न बंद करण्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे. असा व्हॉल्व्ह बहुधा पूर्ण उघडा असताना अडकतो. आणखी उघडू गेलात तर आवळतोच. अष्टमांश फेरा पुढे, तेवढाच मागे. अडले की अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोके द्या, थोडे तेल, पुन्हा पुढे-मागे. याला कधी अर्धा तास लागतो, तो द्या. उकळत्या पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळणे चालते. गॅसची ज्योत नको, आतली दोरी जळते.

हलू लागल्यावर पाणी सुरू करा, पुढचा नळ उघडा आणि व्हॉल्व्ह चार-पाच वेळा पुढे-मागे करा. दरवाजा बसतो त्या खाचेतला गाळ लाल पाण्यासोबत निघून जातो. तो राहिला तर व्हॉल्व्ह कितीही आवळा, धार थांबत नाही. शेवटी ग्लँड नट पाझर थांबेपर्यंतच घट्ट करा. तरी पाझरले तर पाणी बंद करून ग्रॅफाइटच्या दोरीचे दोन-तीन वेढे घाला.

चाक सहज फिरते पण पाणी थांबत नाही, तर आतला दरवाजा स्पिंडलपासून सुटला आहे. पितळ गुलाबी-लालसर झाले असेल तर त्यातले जस्त निघून गेले आहे आणि धातू ठिसूळ झाला आहे. दोन्ही वेळा सोडवत बसू नका. बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि दोन्ही बाजूंच्या निपलही बदला. किनाऱ्याजवळच्या घरात बॉल व्हॉल्व्ह फिरवायचा दांडा स्टेनलेसचाच घ्या, साधा लोखंडी खाऱ्या हवेत लवकर गंजतो.

गेट व्हॉल्व्ह वाचला असेल तर सहा महिन्यांनी एकदा फिरवा, आणि पूर्ण उघडल्यावर चाक पाव फेरा मागे आणून ठेवा.