दुखणे अंगावर काढणाऱ्या माणसाची विचारपूस कशी करावी

घरातील वडीलधाऱ्या माणसाला दवाखान्यात नेताना आपण जुने रिपोर्ट, केसपेपर आणि पैसे आठवणीने बरोबर घेतो. त्या माणसाचे दुखणे त्याच्याच शब्दांत बरोबर घ्यायचे मात्र राहून जाते. ते कसे घ्यावे, एवढ्यापुरतेच हे लिहीत आहे.

करवीर तालुक्यातील एका गावी राहणारी माझी आत्ती भांगलणीहून परतली की म्हणायची, "जीव गुदमरल्यागत व्हायलंय, हातपाय गळाल्यात." मी तिला कोल्हापुरातील एका दवाखान्यात नेले आणि डॉक्टरांनी तिला प्रश्न विचारताच मीच उत्तर दिले, "ॲसिडिटी आहे, जेवणाच्या वेळा पाळत नाही." पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. दीड महिन्याने रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहा निघाले. वर्षभर तिच्या अंगावरून जास्त जात होते. भाच्यासमोर ती ते बोलणे शक्य नव्हते, आणि जे बोलली होती तेही मी तिच्या तोंडून काढून घेऊन माझ्या शब्दांत घातले होते.

म्हणून विचारपूस आदल्या दिवशी, घरीच करावी आणि ती कोणी करायची हे आधी ठरवावे. बाईचे दुखणे असेल तर लेक, सून किंवा शेजारची मावशी यांपैकी जिच्याजवळ ती मोकळी होते तिने बसावे. भाकरी थापताना किंवा शेंगा फोडताना विचारलेले प्रश्न समोर बसवून विचारलेल्या प्रश्नांपेक्षा जास्त उत्तरे आणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तैवानमध्ये अभ्यास करून रोग आणि आजारपण यांत फरक केला: शरीरातील बिघाड हा रोग, आणि तो बिघाड माणूस व त्याचे घर ज्या अर्थाने भोगतात ते आजारपण. १९७८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह रुग्णाला विचारायचे काही प्रश्न मांडले. आपल्याकडे ते साधारण असे विचारता येतील: "तुला काय झालंय असं वाटतंय? कशानं झालं असंल? तवाच का सुरू झालं? ह्याच्यापायी कुठलं काम अडतंय? कशाची भ्या वाटती?" उत्तर आले की ते सुधारू नये. "उष्णता झालीया" म्हटले तर "उष्णता" असेच लिहावे.

यांतील कामाचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या समाजात आजारी पडण्याचा अधिकार सगळ्यांना सारखा नाही. रोजगारावर जाणाऱ्याचा खाडा पडला की घराला तो आजारी असल्याचे कळते. चूल, धुणे आणि जनावरे यांच्या कामात खाडाच धरला जात नाही, त्यामुळे ते काम करणारीचे दुखणे कोणाच्या हिशेबात येत नाही आणि तीही ते अंगावर काढते. अशा व्यक्तीला "बरं वाटतंय का?" असे विचारले तर "हाय की बरं" हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी पूर्वी किती खेपा पाणी आणत होतीस आणि आता किती, धारेला बसल्यावर उठताना काय होते, वैरणीचा भारा कोण उचलून देते, असे विचारावे. ही उत्तरे दिनदर्शिकेवर, जिथे आपण दुधाचा खाडा मांडतो त्याच चौकटीत, आठवडाभर मांडावीत.

जे सर्वत्र आढळते ते नैसर्गिक मानण्याची सवयही इथे आड येते. "बायकांचं रक्त कमीच असतंय" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पण गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षयच होय. सीमा माणसेच आखतात, हेही खरे: अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ साली उच्च रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि एका दिवसात असंख्य माणसे रुग्ण ठरली. त्यामुळे रिपोर्टवरील आकड्याबरोबर तो कोणत्या सीमेशी ताडला आहे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

देवाधर्माशी जोडलेले दुखणे असेल तर अधिक जपून बोलावे. आपल्या जिल्ह्यात जट ही यल्लम्माची खूण मानणारी घरे आहेत. त्या बाईची मान जटेच्या ओझ्याने दुखत असते, पण दवाखान्यात मान सांगितली जाते आणि जट पदराखाली राहते. तिची श्रद्धा खोडून काढण्याची ती वेळ नव्हे. "मान कधीपासून दुखती, जट किती वर्सांची?" एवढे शेजारी शेजारी विचारले तरी दोहोंचा संबंध तिच्या तोंडून येतो. देवीच्या रोगालाही आपण देवीचेच नाव दिले होते, आणि तरीही घरोघरी मुलांना देवी टोचून घेतल्या गेल्या.

छातीत दाब, घाम, अचानक तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काही असेल तर मात्र यातील काहीही करत बसू नये. "गॅस झाला असंल" न म्हणता १०८ ला फोन करावा.

दवाखान्यात गेल्यावर लिहिलेला कागद डॉक्टरांपुढे ठेवावा, पहिले उत्तर रुग्णालाच देऊ द्यावे आणि गरज पडल्यास आपण बाहेर थांबावे. निघण्यापूर्वी औषधाबद्दल घरात कोणती शंका निघेल, ती तिथेच विचारून घ्यावी. आत्तीला लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी शौचास काळे झाले, "गोळी उष्ण पडली" असे शेजारणीने सांगितले आणि तिने पाकीट फळीवर ठेवून दिले. लोहाच्या गोळीने असे होतेच, हे तिला आधी कळायला हवे होते. शिवाय ती गोळी चहाबरोबर घेत होती आणि चहाने लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. आता गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर आणि चहा त्यानंतर किमान तासाभराने, असे तिच्या सुनेने दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे.