कार्डाचं कर्ज फेडताना लेकीच्या भेटीचा खर्च कसा बसवला

मी पुण्यात, लेक तिच्या आईकडे कोल्हापूरला. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी भेट. पोटगी पगार होताच जायची, हप्ताही कापला जायचा. भेटीचा खर्च मात्र उरलेल्या पैशांतून, म्हणजे बहुतेकदा क्रेडिट कार्डावरच. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला ४२ च्या घरात. नुसती किमान रक्कम भरली की मुद्दल जागचं हलत नाही.

उपाय असा केला: पोटगीच्या खालोखाल भेटीचा खर्च लिहिला, कर्जाच्या वर. त्यासाठी वेगळं बचत खातं काढलं, पगाराच्या दिवशीच रक्कम तिकडे वळते. त्यात तिकीट, जेवण आणि रंकाळ्यावरची तिची भेळसुद्धा. भेटीचे शनिवार आधीच ठरलेले, त्यामुळे कोयना एक्सप्रेसचं सेकंड सिटिंग ६० दिवस आधी, आरक्षण उघडताच काढतो. ऐनवेळच्या खासगी बसचा भुर्दंड वाचतो.

मग बँकेत जाऊन कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून घेतली. पोटगीची पावती आणि कोर्टाचा आदेश सोबत नेला. हप्ता किती झेपेल हे त्यावरून पटवता आलं. मुदत लांबली, पण भेट रद्द करून कर्ज लवकर फेडणं मला मान्य नाही. दिवाळीच्या सुट्टीसाठी आता जूनपासूनच थोडे बाजूला टाकतो.