मीनटोन लावताना पंचमाचा मोह टाळा

तानपुऱ्यावर कान तयार झालेला माणूस पियानो मीनटोनमध्ये, म्हणजे गांधार शुद्ध राहावा म्हणून पंचम जरा उतरवणाऱ्या जुन्या युरोपीय ट्यूनिंगमध्ये, लावायला बसला, की त्याची पहिली चूक ठरलेली असते. तो पंचम जुळवत बसतो. मीही बसलो होतो. सी-जी, जी-डी, डी-ए, ए-ई, एकेक पंचम लहर (सूर नीट जुळले नाहीत की ऐकू येणारी थरथर) पार थांबेपर्यंत स्वच्छ केला आणि शेवटी सी-ई एकत्र दाबलं, तर गांधार चढा, टोचणारा. असे चार शुद्ध पंचम रचले की गांधार 408 सेंटवर जातो (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200 वा भाग). खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गांधार 386 वर असतो. मधले साडेएकवीस सेंट म्हणजे कॉमा. क्वार्टर-कॉमा मीनटोन हा कॉमा चार पंचमांत वाटून टाकतो, म्हणून प्रत्येक पंचम साधारण 5.4 सेंट उतरलेला हवा. कानाला ते सुरुवातीला कणसूर वाटतं. वाटू द्या.

त्यापेक्षा उलट्या बाजूने सुरुवात करा. इटालियन संगीतशास्त्रज्ञ पिएत्रो आरोनने 1523 साली व्हेनिसमध्ये सांगितलेली पद्धतही आधी सी-ई शुद्ध करते, पंचम नंतर बसवते. बाजूच्या तारा फेल्टच्या पट्टीने बंद करून मधल्या सप्तकात एकच तार मोकळी ठेवा. सी लावला की ई उतरवत या. लक्ष दाबलेल्या सुरांवर नको, ई च्या दोन सप्तकं वर ठेवा. सी चा पाचवा उपस्वर आणि ई चा चौथा तिथे भेटतात. नेहमीच्या समान ट्यूनिंगमध्ये (सप्तकाचे बारा सारखे भाग) त्या जागी सेकंदाला दहाएक लहरी असतात. त्या मंदावत मंदावत थांबल्या की एकदम शांत होतं. ती शांतता एकदा ऐकली की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

आता जी, डी, ए हे तीन सूर सी आणि ई च्या मध्ये बसवायचे, चारही पंचम सारखेच उतरलेले. इथे आणखी एक गफलत होते: सगळ्यांची लहर एकाच वेगाची ठेवली जाते. मधल्या सी वरचा सी-जी सेकंदाला अडीच लहरी देतो, तर त्याच्याखालचा जी-डी दोनपेक्षाही कमी. खाली गेलं की लहर मंदावणारच.

उरलेल्या सात सुरांसाठी पंचमाला हातसुद्धा लावू नका. जी वरून बी, डी वरून एफ शार्प, ए वरून सी शार्प, ई वरून जी शार्प. आणि खालच्या बाजूला ए खाली एफ, डी खाली बी फ्लॅट, जी खाली ई फ्लॅट. सगळे शुद्ध गांधार. एखादाच खवखवत असेल तर आधी एकेका तारेवर लहर ऐका. जुन्या पियानोत एकटी तारसुद्धा थरथरते, आणि आपण उगाच ट्यूनिंगला दोष देतो.

ॲप वापरणाऱ्यांची चूक वेगळी. समान ट्यूनिंगपासूनच्या सेंट-फरकांच्या तक्त्यात शून्य कुठल्या सुराला धरलंय, हे कुणी बघत नाही. सी शून्य असलेला तक्ता 440 हर्ट्झच्या ए ला जोडला, तर ए साधारण 437.4 वर उतरतो आणि सोबतचा बासरीवाला वैतागतो. ए शून्य धरला तर सी +10.3, ई फ्लॅट +20.5 आणि जी शार्प −17.1 येतात.

सगळं जमल्यावर जी शार्प-ई फ्लॅट हा उरलेला पंचम दाबला की भेसूर ओरडा येतो. हाच तो ‘लांडगा’, 738 सेंटचा. तो बिघाड नाही, त्याला हाकलू नका. हाकलायला गेलात तर गोड झालेले गांधार बिघडतील. चार गांधारही 427 सेंटवर जातात, त्यात बी-डी शार्प आला (डी शार्प म्हणजे ई फ्लॅटचीच पट्टी). स्वीलिंक किंवा फ्रेस्कोबाल्दीसारखे जुने रचनाकार वाजवताना डी शार्प हवाच असेल, तर ई फ्लॅटच्या तारा 41 सेंट उतरवा. जुन्या काही ऑर्गनांवर यासाठी काळी पट्टी चिरून दोन करत असत. आपल्या पियानोला ती सोय नाही. एकोणिसाव्या शतकातला शोपँ मात्र यावर वाजवू नका. अठराव्या शतकातलं काही वाजवायचं असेल तर एक-षष्ठांश कॉमा (प्रत्येक पंचम कॉमाच्या सहाव्या भागाने उतरलेला) बरा: गांधार 393.5, लांडगा 718, गुरगुरतो पण चावत नाही.

तारा मात्र लगेच ऐकत नाहीत. सरासरी ताण फारसा बदलत नसला तरी ई फ्लॅट वीस सेंट चढलेला असतो, आणि तो खाली सरकतो. मुंबईच्या पावसात तर साउंडबोर्डच फुगतो, म्हणून जूनमध्ये आदल्या रात्री लावून सकाळी मैफल ठेवू नये. अर्ध्या तासाने परत या आणि सर्वांत आधी ई फ्लॅट-जी दाबून बघा.