एजंटला फोन लावण्याआधी: घरखरेदीच्या तयारीची यादी

एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘बजेट किती?’ त्यावर ‘साधारण ऐंशीपर्यंत’ असं मोघम उत्तर दिलंत की पुढची घरं पंच्याऐंशीपासून दाखवली जातात. म्हणून सगळ्यात आधी हिशेब स्वतःचा मांडायचा. पुणे महापालिका हद्दीतला ८० लाखांचा रीसेल फ्लॅट धरू. मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली १ टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ९४ हजार ४००. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करायला सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार. एवढ्याचीच बेरीज ७ लाख ९ हजार ४०० होते. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी आणि रंगकाम अजून यात धरलेलंच नाही. बँक या वरखर्चाला कर्ज देत नाही आणि ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यातलं गृहकर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं. म्हणजे कर्ज ६४ लाख आणि स्वतःचे किमान २३ लाख. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नाव कोणाचं लावायचं हे आत्ताच ठरवा, टोकन, म्हणजे सौदा ठरवतानाची आगाऊ रक्कम, दिल्यावर नको. बँकेकडून कर्जाची पूर्वमंजुरी आणा, तिची प्रत जवळ ठेवा, पण मंजूर झालेला वरचा आकडा एजंटला सांगू नका.

दुसरी गोष्ट ठरवायची ती म्हणजे नवं घर हवं की जुनं, कारण त्यावर एजंट कोणाचा माणूस आहे हे ठरतं. नव्या प्रकल्पात एजंट हा बहुतेकदा बिल्डरचा ‘चॅनल पार्टनर’ असतो. त्याचं कमिशन बिल्डर देतो, तुम्ही सहसा काहीच देत नाही. ऐकायला हे बरं वाटतं, पण जो पैसे देतो त्याचं काम आधी होतं. जास्त कमिशन देणारा प्रकल्प तो पुढे करणार, हे गृहीत धरूनच त्याचं बोलणं ऐका. शिवाय साइटवरच्या पहिल्या भेटीत जो फॉर्म भरून घेतात त्यात ‘कोणामार्फत आलात’ हा रकाना असतो. तिथे एकदा एजंटचं नाव लागलं की नंतर थेट बिल्डरशी बोलून सवलत मागायला फारशी जागा उरत नाही. एखादा प्रकल्प तुम्ही स्वतः शोधला असेल तर पहिली चक्कर एकट्यानेच मारा.

रीसेलमध्ये चित्र वेगळं. इथे मुंबई-पुण्यात दलाली साधारण १ ते २ टक्के, आणि ती बऱ्याचदा दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. एकच एजंट दोघांकडूनही घेत असेल तर किंमत पाडून घेण्यात त्याला काही रस नसतो. त्याला सौदा लवकर व्हायला हवा असतो. यात गैर काही नाही, फक्त भाव करण्याचं काम त्याच्यावर सोपवायचं नाही एवढं लक्षात ठेवा. ‘तुम्ही मालकाकडूनही घेताय का?’ हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. सरळ ‘हो’ म्हणणारा एजंट हा विषय टाळणाऱ्यापेक्षा कधीही बरा.

आता नोंदणी. स्थावर संपदा कायदा २०१६ (रेरा) च्या ९व्या कलमानुसार महारेरात, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकायला मदत करणाऱ्या एजंटची स्वतःची नोंदणी हवी आणि प्रत्येक व्यवहारात तो क्रमांक त्याने लिहायला हवा. महाराष्ट्रात एजंटचा क्रमांक ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. व्हिजिटिंग कार्डावर ‘रेरा रजिस्टर्ड’ छापून खाली ‘पी’चा क्रमांक दिला असेल तर तो प्रकल्पाचा आहे, त्या माणसाचा नाही. क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून तीन गोष्टी बघा: नाव जुळतं का, पत्ता जुळतो का, आणि मुदत संपली आहे का. नोंदणी पाच वर्षांची असते. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे; ते सक्षमता प्रमाणपत्र दाखवायला सांगा. नोंदणी फर्मच्या नावे असेल तर घर दाखवायला येणारा मुलगा त्याच फर्मचा आहे ना, तेही विचारा. नोंदणीशिवाय काम करणाऱ्या एजंटला दिवसाला १० हजार रुपये, कमाल घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. मात्र रेरापूर्वी पूर्ण झालेल्या जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटसाठी ही सक्ती लागू होत नाही. त्यामुळे वीस वर्षं त्याच पेठेत काम करणारा, पण नोंदणी नसलेला एजंट फसवाच असेल असं नाही. तरी दोन सारखे एजंट समोर असतील तर नोंदणीवाला निवडा. तक्रार करायची वेळ आली तर त्याच्याविरुद्ध जायला एक दार जास्त असतं.

तीन एजंट पुरतात. दहाजणांना सांगितलं की एकच फ्लॅट चार वेगवेगळ्या किमतींना व्हॉट्सॲपवर येतो आणि मालकाला वाटतं गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत, भाव चढतो. त्या भागातला जुना स्थानिक एजंट किमान एक असावा. फोनवर विचारा: मालकाशी थेट ओळख आहे की जागा दुसऱ्या एजंटकडून आली आहे? किल्ली कोणाकडे आहे? मालक राहतात कुठे? शेवटचा प्रश्न सहज विचारल्यासारखा वाटतो, पण मालक अनिवासी भारतीय असेल तर टीडीएसचा, म्हणजे विक्रेत्याला पैसे देताना तुम्ही कापून भरायच्या कराचा, १ टक्क्याचा नियम लागू होत नाही, कपात बरीच जास्त होते आणि कागदपत्रांना वेळ लागतो. मध्ये दोन एजंट असतील तर तुमची दलाली एकदाच. त्यांनी आपसात वाटून घ्यावी, हे आधीच स्पष्ट करा. जाहिरातीतला स्वस्त फ्लॅट ‘कालच गेला, पण दुसरा आहे’ असं दोनदा ऐकू आलं तर तो नंबर यादीतून काढून टाका.

एजंटला परिसर खरंच माहीत आहे का हे तपासायला त्याच इमारतीत किंवा रस्त्यावर गेल्या वर्षभरात झालेल्या सौद्यांचे आकडे मागा. मग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्या इमारतीची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, काढून ताडून बघा. त्यात कराराची रक्कम, क्षेत्रफळ आणि तारीख असते. दर नेहमी कार्पेट एरियावर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर काढा. ‘सेलेबल’, म्हणजे सामायिक जागाही धरून फुगवलेल्या, चौरस फुटाचा दर सांगणाऱ्याला कार्पेट किती ते विचारायचं आणि भागाकार स्वतः करायचा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत.

घर बघायला जाताना काही एजन्सी ‘व्हिजिट फॉर्म’वर सही घेतात. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की दाखवलेल्यांपैकी कोणतंही घर, कधीही, कोणामार्फतही घेतलं तरी २ टक्के द्यावे लागतील. वाचल्याशिवाय सही नको. मुदत घालून घ्या, तीन महिने पुरे. एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी जा. पाणी किती तास येतं, टँकर लागतो का, हे वॉचमनला आणि सेक्रेटरींना विचारा. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर त्यामागे ओल असू शकते. हे प्रश्न एजंटच्या समोरच विचारा. तो चिडतो, घाई करतो की स्वतःहून माहिती देतो, यावरून तो पुढे कसा वागेल ते कळतं.

दलालीचं बोलणं पहिलं घर बघायच्या आधी पूर्ण व्हायला हवं, आणि लेखी. लेटरहेडची गरज नाही, व्हॉट्सॲप संदेशही चालेल, पण त्यात चार गोष्टी हव्यात: किती टक्के, कोणत्या रकमेवर, जीएसटी धरून की वेगळा, आणि पैसे कधी. चौथ्यावरच बहुतेक भांडणं होतात. टोकनच्या दिवशी दलाली देऊ नका. निम्मी करारनामा नोंदवल्यावर आणि निम्मी ताबा मिळाल्यावर, असं ठरवा. सौदा फिसकटला तर काही नाही. एजंट १८ टक्के जीएसटी मागत असेल तर जीएसटी क्रमांकासह बिल मागा. बिल नाही तर जीएसटीही नाही.

टोकन ही या सगळ्यातली सर्वात निसरडी जागा. ‘आजच द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय’ हे वाक्य ऐकायची मनाची तयारी ठेवा. दुसरी पार्टी खरीही असेल, पण घाईत दिलेले दोन लाख परत मिळवायला महिने जातात. चेक मालकाच्या नावे काढा, एजंटच्या कधीच नाही. मालक दोन असतील तर पावतीवर दोघांच्या सह्या घ्या. एकजण गेलेला असेल तर वारसांचं काय झालं ते आधी समजून घ्या. कुलमुखत्यारपत्रावर कोणी सही करत असेल तर ते वकिलाला दाखवल्याशिवाय रुपयाही नको. पावतीत एकूण किंमत, कार्पेट एरिया, पार्किंगचा क्रमांक, सोबत राहणारं फर्निचर, हस्तांतरणाचा खर्च कोणाचा, करारनाम्याची मुदत, आणि कागदपत्रांतल्या दोषामुळे कर्ज नाकारलं गेलं तर टोकन पूर्ण परत, हे सगळं लिहून घ्या. पार्किंगसाठी सोसायटीचं वाटपपत्र बघा. ‘इथेच लावतो गाडी आम्ही’ हा पुरावा नव्हे.

काही रक्कम ‘वरून’ द्यायला सांगणारा एजंट तुमच्या उपयोगाचा नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, करारातली किंमत कमी दाखवली की कर्जही त्या प्रमाणात घटतं, आणि मुद्रांक शुल्क तरी करारमूल्य व शासकीय मूल्य यांतल्या जास्त रकमेवरच लागतं.

टोकननंतर एजंटने आणून द्यायची कागदपत्रं: आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, मालमत्ता कर आणि विजेची शेवटची बिलं, मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं बाकी रकमेचं पत्र. भोगवटा नसलेल्या इमारतीला ‘सगळे राहतायतच की’ हे उत्तर पुरत नाही. बँक अडवू शकते आणि पुढे विकताना तुम्हीच अडकता. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदी तपासल्याचा अहवाल, देणारा वकील स्वतः शोधा. एजंटने सुचवलेला वकील हुशारही असेल, पण त्याला पुढचं काम एजंटकडूनच मिळणार असतं. कर्जासाठी एजंट एखाद्या बँकेचा माणूस पाठवेल. त्यावरही त्याला मोबदला मिळतो, तेव्हा व्याजदर आणखी दोन ठिकाणी विचारा.

नोंदणीच्या दिवसासाठी ‘सगळं मिळून एवढे’ असा एकच आकडा स्वीकारू नका. मुद्रांक शुल्काचं चलन, नोंदणी फी आणि एजंटची धावपळीची फी वेगवेगळी लिहून मागा. ५० लाख किंवा जास्त किमतीच्या घरात, विक्रेता निवासी असेल तर, १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून विक्रेत्याच्या पॅनवर भरायचा असतो. ८० लाखांवर ८० हजार. हे विक्रेत्याला आधी सांगितलेलं नसेल तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर वाद होतो, म्हणून टोकनच्या पावतीतच तसं लिहा.

दलालीचा उरलेला हप्ता ताब्याच्या दिवशी देताना किल्ल्यांचे सगळे जोड, वीज मीटरचं रीडिंग आणि मूळ करारांची फाइल हातात घ्या. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवणं, वीजजोडणी आणि मालमत्ता कराच्या नावबदलाचे अर्ज यांत एजंट मदत करणार असेल तर तेही पहिल्या संदेशातच लिहिलेलं असू द्या. पूर्ण दलाली हातात पडल्यावर फोन उचलला जाईलच असं नाही.