भूल देण्याआधी या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन सकाळी नऊला ठरलं होतं. आदल्या रात्री सिस्टरनी कन्नडमध्ये बजावलं होतं, ‘एनू तिन्नबेडी’, काही खाऊ नका. लेकीनं खायला काहीच दिलं नाही. सहाला फक्त अर्धा कप चहा दिला, कारण चहा तर पितात, खात नाहीत. ऑपरेशन दुपारवर गेलं आणि ती लेक बाहेर बाकावर रडत बसली. दोष तिचा नव्हताच. ‘खाऊ नका’ म्हणजे नक्की काय, हे मी, म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरनं, आणि माझ्या सहकाऱ्यांनी तिला तिच्या भाषेत सांगायला हवं होतं.

पूर्ण भूल दिली की खोकणं, गिळणं बंद पडतं. पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून हलकं जेवण, गाई-म्हशीचं दूध आणि दुधाचा चहा यांना ६ तास, तळलेलं किंवा मटण-चिकनसारखं जड खाल्लं असेल तर ८ तास, अंगावरच्या दुधाला ४ तास आणि साध्या पाण्याला २ तास, असं अंतर ठेवतात. आपल्याकडे ‘उपाशी’ आणि ‘उपवास’ यांत हमखास घोळ होतो. साबुदाण्याची खिचडी आणि केळं खाऊन ‘उपास धरलाय’ म्हणणारे पेशंट मी पाहिलेत. भुलीच्या हिशेबात ते भरलेलं पोटच.

उलटी चूकही तितकीच वाईट. अकराच्या ऑपरेशनसाठी लहान मुलाला रात्रीपासून पाण्याचा थेंब न देणं. पोर सुकतं, चिडतं, सलाईनसाठी शीर सापडत नाही. ‘पाणी किती वाजेपर्यंत चालेल?’ हे विचारा आणि वेळ कागदावर लिहून घ्या. गरोदर बाई किंवा जुना मधुमेह असेल तर नियम बदलू शकतो. आणि चुकून काही खाल्लंच, तर सांगून टाका. ऑपरेशन पुढं ढकलता येतं.

निपाणी-चिकोडी भागात तंबाखूची चौकशी करणं अवघड जातं. सुनेसमोर आजोबा ‘नाही’ म्हणतात, आणि आजींच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच. गुटख्यानं जबडा आखडला असेल तर तोंड पुरेसं उघडत नाही आणि श्वासाची नळी घालणं कठीण होतं. ते आधी कळलं तर मी वेगळी तयारी ठेवते. टेबलावर कळलं तर हातात फार थोडा वेळ उरतो. विडी एक दिवस आधी सोडली तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. फुप्फुसांसाठी मात्र ४ आठवडे आधी सोडलेली बरी. दारूचंही तसंच. रोजची दारू लपवली तर ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट भ्रमिष्टासारखा वागू लागतो आणि घरचे घाबरतात. लोकांसमोर बोलायचं नसेल तर ‘डॉक्टर, एकटीशी बोलायचंय’ म्हणा.

गोळ्यांची नावं पाठ नसतात, त्यामुळं पाकिटंच घेऊन या, गावठी काढ्याची बाटलीसुद्धा. बीपीच्या गोळ्या मनानं बंद करू नका. काही घोटभर पाण्याबरोबर सुरूच ठेवतात, काही त्या सकाळी थांबवतात. डापाग्लिफ्लोझिनसारखी साखरेची गोळी साधारण ३ दिवस आधी थांबवावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय करायचं, ते हृदयाचे आणि भुलीचे डॉक्टर मिळून ठरवतात.

नेलपॉलिश काढा, बोटातलं ऑक्सिजन मोजणारं यंत्र त्यानं चुकू शकतं. हलणारा दात, कवळी, जोडवी यांचंही सांगा.

आता संशोधनाबद्दल. बेळगावच्या मेडिकल कॉलेजांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध करावा लागतो. कमरेत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शननंतर येणारी हुडहुडी कुठल्या औषधानं कमी होते, असे साधे आणि फार उपयोगी प्रश्न त्यात असतात. अशा अभ्यासात भाग घ्याल का, अशी तुम्हाला विचारणा झाली की दोन चुका होतात: ‘आमच्यावर प्रयोग करतायत’ म्हणून न ऐकताच नकार देणं, किंवा ऑपरेशनचाच कागद समजून अंगठा उठवणं. हे संमतिपत्र वेगळं असतं. पेशंटचे सहसा दोन गट करतात. कोणाला कुठलं औषध मिळणार ते बहुतेकदा चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, आणि दोन्ही गटांची काळजी तितकीच घ्यावी लागते. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलात तरी उपचारात फरक पडता कामा नये.

फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. तुम्हाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि तो मागताना संकोच करू नका. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार सहीच्या वेळी हजर असायला हवा. माहितीपत्रकाची प्रत घरी न्या. त्यावर अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांचा आणि नीतिमत्ता समितीचा, म्हणजे अभ्यासात पेशंटचं हित जपलं जातं ना हे पाहणाऱ्या समितीचा, संपर्क असतो. पुढं काही त्रास झाला तर तोच कागद काढून फोन करा.