जुन्या फोटोंवरून बेसबॉलचं क्षेत्ररक्षण कसं शिकवावं

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे अमेरिकन फोटो मुलांना क्षेत्ररक्षण शिकवायला फार कामाचे आहेत, आणि त्याचं कारण ग्लोव्ह. आजचा ग्लोव्ह इतका मोठा, की पाय चुकले, हात उशिरा खाली गेला, तरी चेंडू जाळीत अडकतो आणि चूक झाकली जाते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चामड्याच्या वाद्या विणलेला ग्लोव्ह बिल डोक या पिचरच्या (फलंदाजाला चेंडू फेकणाऱ्याच्या) कल्पनेतून १९२०च्या सुमारास आला. त्याआधीचा ग्लोव्ह म्हणजे तळहाताला गादी शिवलेला जाडसर हातमोजा. सिनसिनाटी संघाचा सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळचा (धावपटूच्या दुसऱ्या थांब्याजवळचा) क्षेत्ररक्षक, बिड मॅकफी तर १८९६ उजाडेपर्यंत उघड्या हातांनीच खेळत होता. अशा हातांनी चेंडू अडवायचा तर शरीर चेंडूच्या रेषेत न्यावंच लागे आणि दुसरा हात लावावाच लागे. मुलाला दाखवायचं ते नेमकं हेच.

पण कोणताही जुना फोटो चालत नाही. १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंचे छोटे फोटो येत. ते स्टुडिओतले: मागे रंगवलेला पडदा, पायाखाली गालिचा, आणि चेंडू चक्क दोऱ्याला टांगलेला. काही कार्डांवर तो दोरा दिसतोसुद्धा. हे फोटो हातांसाठी घ्या, पायांसाठी घेऊ नका. टांगलेला चेंडू कुणाकडे येत नसतो, त्यामुळे खेळाडूचे गुडघे ताठ आणि वजन टाचांवर असलं तरी त्याचं काही बिघडत नाही. मैदानात तोच माणूस असा उभा राहिला असता तर चेंडू दोन पायांमधून गेला असता.

पायांसाठी १९०४नंतर न्यूयॉर्कच्या मैदानांवर फोटो काढणारा चार्ल्स कॉनलन आणि बेन वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार यांच्याकडे वळा. बेनच्या काचेच्या निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांच्या मोठ्या प्रती संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात आणि ए-४ कागदावर स्पष्ट छापल्या जातात. यातलेही बरेच फोटो सामन्याआधीच्या सरावात, छायाचित्रकाराने सांगितल्यावर काढलेले आहेत. ओळखायची सोपी खूण म्हणजे मागचे लोक. ते दुसरीकडेच बघत असतील किंवा मागे कुणीच नसेल, तर तो खेळ नव्हे.

आणखी दोन गोष्टी तपासा. फोटो डावं-उजवं उलटून छापलेला नाही ना? शर्टावरची अक्षरं आणि बटणपट्टी बघा. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो. पण हॅल चेससारखा डावखुरा फर्स्ट बेसमन दिसला तर उजव्या हातातला ग्लोव्ह बरोबरच आहे. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. त्या काळच्या कॅमेऱ्यांत पडद्यातली फट काचेवरून सरकत जाई, त्यामुळे वेगात हलणारा हात किंवा चेंडू तिरका, ताणलेला उमटतो. अशा फोटोवर फेकीचा कोन मोजत बसू नका.

एका सत्राला तीनच फोटो पुरेत: तयारीत उभा राहिलेला, जमिनीवरचा चेंडू उचलणारा आणि उंच झेल घेणारा. पहिली दहा मिनिटं मैदानाबाहेर. चेंडूवर कागदाचा तुकडा चिकटवा आणि विचारा, चेंडू कुठे असेल? मुलं खेळाडूची नजर आणि हात बघून बोट ठेवतात. मग तुकडा काढा. नुसतं “वाक, वाक” ओरडण्यापेक्षा हे जास्त डोक्यात बसतं. त्यानंतर जाड पेनाने दोन टाचा आणि ग्लोव्ह जोडणारा त्रिकोण काढा. चांगल्या फोटोत ग्लोव्ह हे त्रिकोणाचं पुढचं टोक असतं, दोन पावलांच्या मधोमध कधीच नसतं.

तोच त्रिकोण मैदानावर चुन्याने किंवा टेपने आखा. पावलं खांद्यांपेक्षा थोडी रुंद, उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय अर्धं पाऊल पुढे, बैठक खाली, पाठ जवळजवळ जमिनीला समांतर. ग्लोव्हची बोटं मातीला टेकलेली, तळवा चेंडूकडे उघडा, दुसरा हात वर तयार. आता पाच मीटरवरून टेनिसचा चेंडू सरपटत सोडा. आधी दहा चेंडू उघड्या हातांनी, मग दहा ग्लोव्हने, मग दहा पूर्ण फेकीसह. उघड्या हातांनी खरा बेसबॉल देऊ नका. त्याचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम असतं आणि लहान बोट सहज मोडतं.

ग्लोव्ह आधी खाली, मग वर, हा क्रम मोडला की सगळं बिघडतं. वरून खाली येणारा हात शेवटच्या उसळीला पोचत नाही. खालून वर येणारा हात मात्र उसळीबरोबर उठू शकतो. मूल चेंडू पोटाखाली घेत असेल तर ग्लोव्ह त्याच्या नजरेआड जातो आणि ते मान वर उचलतं. तेव्हा पुन्हा फोटोकडे न्या: टोपीची झडप कुठे रोखली आहे? चेंडूकडे.

क्रिकेट खेळून आलेल्या मुलाचा एक गुडघा आपोआप जमिनीला टेकतो. तिथे चौकार अडवायचा असतो, म्हणून ते योग्य. इथे फलंदाज ९० फुटांवरच्या फर्स्ट बेसवर चार-साडेचार सेकंदांत पोचतो, चेंडू त्याच्या आधी तिथे पोचायला हवा, आणि टेकलेला गुडघा उचलून फेकण्यात जाणारा वेळ परवडत नाही. आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानात, मागे कुणी नसताना, गुडघा टेकला तरी हरकत नाही.

उंच झेलासाठी मात्र ‘ओल्ड जज’चे हात दाखवा. कमरेखालच्या चेंडूला करंगळ्या जवळ, छातीवरच्या चेंडूला अंगठे जवळ. शिवाय चेंडू येताच हात किंचित मागे घ्यायचे, नाहीतर तो तळहातावर आपटून उडतो. हे मागे घेणं कोणत्याच फोटोत दिसत नाही, ते तुम्हालाच करून दाखवावं लागेल. त्यासाठी पाण्याने भरलेले फुगे उत्तम: तीन मीटरवरून फेका, ताठ हातात फुटतात.

नक्कल कशाची करायची नाही, हेही सांगा. होनस वॅग्नर हा त्या काळचा सर्वोत्तम शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), पण त्याचे पाय धनुष्यासारखे बाकदार होते आणि हात फावड्याएवढे. त्याचा जमिनीलगतचा ग्लोव्ह घ्या, उभं राहण्याची ढब नको.

शेवटी मोबाइल. मुलाचा फोटो बाजूने, तीन मीटरवरून, कॅमेरा मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर धरून काढा. उभ्याने वरून काढलात तर बैठक आहे त्यापेक्षा खाली दिसते आणि सगळेच चांगले वाटतात. चेंडू ग्लोव्हला लागतो तो क्षण हवा, म्हणून सलग दहा-बारा फोटो घेऊन एक निवडा. तो जुन्या फोटोशेजारी ठेवून त्यावरही त्रिकोण काढा, पण पेन या वेळी मुलाच्या हातात द्या. एका दिवशी एकच दुरुस्ती: आधी पाय, मग ग्लोव्ह, फेक सगळ्यात नंतर.